फुटाने मोजलेले लाकूड, लिटरने मोजलेली अंडी

१९०६ साली अमेरिकेतील पेन्सिल्व्हेनिया राज्याच्या नव्या विधानभवनात बूटपॉलिशसाठी एक लाकडी बैठक बसवण्यात आली. तिच्यापोटी सरकारी तिजोरीतून १,६१९ डॉलर २० सेंट अदा झाले. तशी बैठक बाजारात सव्वाशे डॉलरांच्या आसपास मिळत असे. आता या रकमेला १८.४० ने भागून पाहावे. उत्तर येते ८८, अगदी नेमके, मागे एक सेंटही उरत नाही. राज्याने ती बैठक नग म्हणून घेतलीच नव्हती. ती फुटाच्या दराने घेतली होती, फुटाला १८ डॉलर ४० सेंट, आणि बूट पुसण्याची ती बैठक कागदोपत्री ८८ फूट भरली होती.

या थ्रेडचा विषय तसा रूक्ष आहे. याच राज्यात मासेमारी व नौकाविहार पाहणारी एक सरकारी संस्था आहे, ‘पेन्सिल्व्हेनिया फिश अँड बोट कमिशन’. तिला माशांचे खाद्य, जाळी, गस्ती बोटी, पाण्याच्या टाक्या बसवलेले ट्रक, मत्स्यबीज केंद्रांच्या इमारती, असे पुष्कळ काही विकत घ्यावे लागते. त्या प्रत्येक खरेदीभोवती जाहिरात, सीलबंद निविदा, दरांची तुलना, हरकतीची मुदत असे नियमांचे कडे असते. बाहेरून पाहणाऱ्याला ही निव्वळ कारकुनी वाटते. तिच्यातील एकेका अटीमागे मात्र एकेक जुनी जखम आहे, आणि त्या जखमांचा इतिहास रूक्ष मुळीच नाही.

आरंभ एका माशापासून करावा लागतो. शॅड हा आपल्या हिलशाच्या कुळातील मासा. तो वाढतो समुद्रात आणि अंडी घालण्यासाठी वसंतात नदीत शिरून प्रवाहाविरुद्ध वर चढतो. पेन्सिल्व्हेनियातून वाहणाऱ्या सस्क्वेहॅना नदीत एकेकाळी तो शेकडो मैल आत, थेट न्यूयॉर्क राज्यापर्यंत जात असे. काठच्या शेतकऱ्यांचे वर्षभराचे खारवलेले मासे याच हंगामातून निघत. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कालवे आले, कालव्यांना पाणी पुरवण्यासाठी नदीवर बंधारे आले आणि शॅडची वाट बंद झाली. वरच्या गावांतील जाळी रिकामी येऊ लागली, तेव्हा लोकांनी सरकारकडे धाव घेतली.

१८६६ मध्ये राज्याने कायदा करून एक मत्स्य आयुक्त नेमला. जेम्स वॉरल हे त्यांचे नाव, पेशाने अभियंता. माशांचा प्रश्न अभियंत्याकडे सोपवणे आज चमत्कारिक वाटेल, पण त्या काळाच्या दृष्टीने ते रास्तच होते. अडचण भिंतीची होती आणि हवा होता तो भिंतीतून जाणारा मार्ग. कोलंबिया येथील धरणात तसा मार्ग काढण्यात आला, पण शॅडच्या जुन्या झुंडी काही परतल्या नाहीत. मग १८७० च्या दशकात आयोगाने दुसरी वाट धरली : सरकारी केंद्रांत अंडी उबवायची आणि पिल्ले नद्यांत सोडायची. येथपासून ही संस्था केवळ नियामक राहिली नाही, ती खरेदीदारही झाली. जमीन, झऱ्यांचे पाणी, लाकडी हौद, खाद्य, वाहतूक, सारेच विकत घेणे आले. तेव्हा ट्राउटसारख्या माशांना कसाईखान्यातील काळीज आणि इतर अवशेष दळून घालत, आणि पिल्ले दुधाच्या मोठ्या कॅनमध्ये भरून रेल्वेने रवाना होत. खरेदीची यादी घरगुती वाटावी अशी होती. रकमा लहान होत्या, आणि लहान रकमांकडे कोणी फारसे लक्ष देत नाही.

१९०३ साली गव्हर्नर सॅम्युएल पेनीपॅकर यांच्या कारकिर्दीत या कामासाठी स्वतंत्र मत्स्य खाते स्थापन झाले. त्याच कारकिर्दीत, हॅरिसबर्ग या राजधानीतच, अमेरिकन सरकारी खरेदीच्या इतिहासातील एक विलक्षण प्रकरण आकार घेत होते.

जुने विधानभवन २ फेब्रुवारी १८९७ रोजी आगीत भस्मसात झाले होते. घाईने आणि काटकसरीने उभारलेली त्यानंतरची वास्तू इतकी ओकीबोकी दिसे की लोक तिला कारखाना म्हणत. म्हणून १९०१ मध्ये नवा कायदा झाला. इमारतीसाठी ४० लाख डॉलरांची मर्यादा घालण्यात आली आणि जोसेफ ह्यूस्टन या फिलाडेल्फियाच्या तरुण वास्तुविशारदाची निवड झाली. इमारत मर्यादेत पूर्ण झाली. ४ ऑक्टोबर १९०६ रोजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांच्या उपस्थितीत तिचे लोकार्पण झाले आणि त्यांनी तिच्या देखणेपणाची मनापासून स्तुती केली. स्तुती वावगी नव्हती. इमारत आजही देखणी आहे.

खोट होती ती आतल्या सामानात. इमारतीवर मर्यादा होती, पण सजावट आणि फर्निचर हे काम वेगळ्या मंडळाकडे होते. ‘सार्वजनिक मैदाने व इमारती मंडळ’ हे त्याचे नाव, आणि सभासद तीन : गव्हर्नर, राज्याचे महालेखापरीक्षक आणि कोषाध्यक्ष. या रचनेकडे थोडे थांबून पाहण्यासारखे आहे. खर्च तपासणारा अधिकारी आणि पैसे देणारा अधिकारी हे दोघेही खरेदी करणाऱ्या मंडळातच बसलेले होते. तपासणीची पायरी कोणी उडवली नव्हती, ती खरेदीच्या टेबलाशीच आणून ठेवली होती. शिवाय या मंडळाच्या खर्चाला कायद्याने ठरवलेली कमाल रक्कमच नव्हती.

निविदा निघाल्या. हे मुद्दाम सांगावे लागते, कारण पुष्कळांची समजूत अशी असते की घोटाळा झाला म्हणजे निविदा निघालीच नसणार. येथे रीतसर दरपत्रक होते, दर मागवले गेले होते आणि काम जॉन सँडरसन या कंत्राटदाराला मिळाले. पण दर कशाचे? कपाटाचे, टेबलाचे, खुर्चीचे नव्हेत. ‘आराखड्यानुसार बनवलेले फर्निचर, सजावट, लाकूडकाम, संगमरवर, कांस्य’ असे सारे एका कलमात कोंबले होते आणि त्याचा दर होता ‘प्रति फूट’. हा फूट लांबीचा, क्षेत्रफळाचा की घनफळाचा, याचा कागदावर उल्लेख नव्हता. मोजणाऱ्याने जो सोयीचा वाटेल तो घ्यावा. बूटपॉलिशच्या बैठकीचे ८८ फूट असेच जन्मले.

झुंबरांची कथा याहून सरस. ती वजनावर घेतली गेली, पौंडाला ४ डॉलर ८५ सेंट या दराने. प्रतिनिधिगृहातील मोठी झुंबरे कित्येक टनांची आहेत. ज्याला वजनावर पैसे मिळतात तो कारागीर झुंबर हलके आणि नाजूक का करील? एकदा मोजमापाचे एकक ठरले की वस्तूचा आकार त्याच्या मागून चालू लागतो. फुटावर पैसे मिळाले की फर्निचर फुगते, वजनावर मिळाले की धातू जड होतो.

ज्यांनी कौटिल्य वाचला आहे त्यांना येथे ओळखीचे काहीतरी दिसेल. अर्थशास्त्रात सरकारी अपहाराचे ४० प्रकार नोंदवले आहेत आणि मापात, वजनात केलेला फरक हा त्यांतला एक. मौर्यकालीन भांडारातील लबाडी आणि विसाव्या शतकातील हॅरिसबर्ग यांचा काडीचाही संबंध नाही. संबंध आहे तो तराजूशी.

हे बाहेर कसे आले, तर एका निवडणुकीच्या अपघाताने. पेन्सिल्व्हेनियावर वर्षानुवर्षे रिपब्लिकन पक्षाच्या यंत्रणेची घट्ट पकड होती. १९०५ च्या निवडणुकीत मात्र कोषाध्यक्षपदी डेमोक्रॅट विल्यम बेरी निवडून आले. खुर्चीवर बसल्यावर त्यांनी जुनी देयके उघडली आणि बेरीज करू लागले. ४० लाखांची म्हणून गाजवलेली इमारत सामानासह सुमारे १ कोटी ३० लाखांना पडली होती. त्यांतला मोठा वाटा आतल्या वस्तूंचा होता.

१९०७ मध्ये विधिमंडळाच्या चौकशी आयोगापुढे साक्षी झाल्या. १९०८ मध्ये कंत्राटदार सँडरसन, माजी महालेखापरीक्षक विल्यम स्नायडर, माजी कोषाध्यक्ष विल्यम मॅथ्यूज आणि इमारतींचे अधीक्षक जेम्स शूमेकर हे दोषी ठरले. सँडरसन आणि मॅथ्यूज यांचा शिक्षा भोगण्याआधीच मृत्यू झाला. वास्तुविशारद ह्यूस्टन १९१० मध्ये दोषी ठरला आणि पुढे तुरुंगात गेला. पेनीपॅकर यांच्यावर खटला झाला नाही. त्यांनी १९११ मध्ये या वास्तूच्या समर्थनार्थ एक पुस्तकच लिहिले. राज्याला पैशाच्या मानाने उत्तम वास्तू मिळाली, ही त्यांची भूमिका अखेरपर्यंत कायम राहिली. तिच्यात तथ्य अजिबात नाही असे म्हणता येत नाही, आणि म्हणूनच हे प्रकरण अवघड आहे. वस्तू बनावट नव्हत्या, त्या सुंदर होत्या. बनावट होते ते माप.

यानंतरच्या दोन दशकांत राज्याने खरेदीची चौकट हळूहळू बदलली. १९१३ च्या कायद्याने सार्वजनिक इमारतींचे काम एकाच मुख्य कंत्राटदाराला सरसकट देण्यास बंदी आली. नळकाम, तापयंत्रणा, वायुवीजन आणि वीज यांच्या निविदा स्वतंत्र निघू लागल्या. मत्स्यबीज केंद्राची इमारत डोळ्यांसमोर आणली की हा नियम किती बोचत असेल ते कळते, कारण असे केंद्र म्हणजे बहुतांशी नळकामच! मग १९२३ साली गव्हर्नर गिफर्ड पिंचॉट यांच्या काळात प्रशासकीय संहिता आली आणि ‘मालमत्ता व पुरवठा’ असे स्वतंत्र खाते निर्माण झाले. प्रत्येक खात्याने आपापले बाजारहाट करण्याऐवजी खरेदी एका ठिकाणाहून व्हावी, हा त्यामागचा विचार. मागणारा वेगळा, विकत घेणारा वेगळा, तपासणारा वेगळा. १९०६ मध्ये एका टेबलावर बसलेली माणसे आता तीन खोल्यांत गेली.

याच सुमारास मत्स्य विभागाच्या पैशाचे स्वरूपही पालटले. १९२२ पासून गळ टाकणाऱ्या प्रौढ रहिवाशांना वार्षिक परवाना काढावा लागू लागला, शुल्क एक डॉलर. पुढे कितीतरी वर्षे हा परवाना धातूच्या बिल्ल्याच्या रूपात मिळे, आणि नदीकाठी उभा राहणारा माणूस तो टोपीला किंवा अंगरख्याला लावून मिरवी. जुने बिल्ले आज संग्राहकांत चांगल्या किमतीला जातात. एक डॉलर म्हणजे काही फार नव्हे, पण त्याने नाते बदलले. करातून चालणाऱ्या खात्याला सामान्य नागरिक सहसा जाब विचारत नाही, कारण आपला पैसा नेमका कोठे गेला ते त्याला दिसत नाही. बिल्ला लावलेल्या माणसाला ते दिसते. त्याने पैसे ट्राउटसाठी भरलेले असतात आणि ओढ्यात ट्राउट आहे की नाही हे तो येत्या रविवारी स्वतः पाहणार असतो.

हा पैसा दुसऱ्याच कामाला वळवला जाण्याचा धोका मात्र होता. मंदीच्या काळात अनेक राज्यांच्या तिजोऱ्या कोरड्या पडल्या आणि शिकारी व मासेमारांच्या परवान्यांच्या रकमांवर सरकारांचे डोळे गेले. १९३७ मध्ये शिकारीच्या बाबतीत आणि ९ ऑगस्ट १९५० रोजी मासेमारीच्या बाबतीत अमेरिकन काँग्रेसने यावर एक चतुर तोड काढली. दुसरा कायदा त्याच्या पुरस्कर्त्यांच्या नावाने, ‘डिंगेल-जॉन्सन कायदा’ म्हणून ओळखला जातो. गळ, रीळ, काठी यांवर कारखानदारांकडून १० टक्के अबकारी कर घ्यायचा आणि तो राज्यांना वाटायचा. वाटप दोन मापांनी : ६० टक्के भाग परवानाधारकांच्या संख्येवर, ४० टक्के भाग राज्याच्या क्षेत्रफळावर. अट एकच. ज्या राज्याला हा पैसा हवा, त्याने परवान्याचे शुल्क मत्स्य खात्याच्या कामाखेरीज अन्यत्र वापरणार नाही असा कायदा आधी स्वतः करावा. राज्यांना आज्ञा देण्याचा मार्ग काँग्रेसने टाळला. आमिष दाखवले, आणि कुंपण राज्यांनी स्वतःच्या हातांनी घातले.

या अनुदानाची रीतही लक्षात घेण्याजोगी आहे. राज्याने आधी स्वतःच्या खिशातून खर्च करायचा, हिशेब सादर करायचा आणि मग मान्य खर्चाच्या ७५ टक्क्यांपर्यंत परतफेड मिळवायची. कागद कच्चा निघाला तर परतफेड अडकते. म्हणजे खरेदीची पावती हीच उत्पन्नाची चावी झाली. कारकुनाचा दरारा एरवी उगाच वाटतो, येथे तो उगाच नाही.

नौकांचे काम या संस्थेकडे टप्प्याटप्प्याने आले. १९४९ मध्ये तिला ‘फिश कमिशन’ हे नाव मिळाले होते, ते १९९१ मध्ये ‘फिश अँड बोट कमिशन’ झाले. माशांचा निधी आणि नौकांचा निधी अशी दोन खाती वेगळी ठेवली जातात, आणि राज्याच्या सर्वसाधारण करातून तिला जवळजवळ काहीच मिळत नाही. १९९८ च्या ‘कायदा ५७’ ने राज्याची खरेदी संहिता एकत्र बांधली. सीलबंद स्पर्धात्मक निविदा हा नियम, लहान खरेदी, एकमेव पुरवठादार आणि आणीबाणी हे अपवाद. डावललेल्या निविदाकाराला हरकत घेण्यासाठी सात दिवस. आणि कंत्राट कोणाला? सर्वांत कमी दराच्या ‘जबाबदार’ निविदाकाराला. आपल्याकडील सरकारी कार्यालयांत ज्याला ‘एल-वन’ म्हणतात, त्याच्यापुढे हे एक विशेषण येथे पक्के बसवलेले आहे. स्वस्त असणे पुरेसे नाही, काम पार पाडण्याची कुवत आणि सचोटी दाखवावी लागते. सँडरसन यांचा दरही स्पर्धेतूनच आला होता, हे विसरून चालत नाही.

आता शॅडकडे परत यायला हवे, कारण त्याची फिर्याद निकाली निघालेलीच नव्हती. १९१० मध्ये होल्टवूड, १९२८ मध्ये मेरीलँडच्या हद्दीत नदीच्या मुखापासून अवघ्या १६ किलोमीटरवर कोनोविंगो, १९३१ मध्ये सेफ हार्बर अशी वीजनिर्मितीची उंच धरणे उभी राहिली आणि सस्क्वेहॅना माशांना जवळपास पूर्ण बंद झाली. जेथे मत्स्यमार्ग अव्यवहार्य ठरेल तेथे धरणमालकाने त्याऐवजी मोबदला द्यावा, अशी तडजोड त्या काळात रूढ होती. सरकार आणि कंपनी या दोघांनाही ती सोयीची होती. तिसरा पक्ष मासा होता आणि करारावर त्याची सही लागत नाही. वहीत दरवर्षी रक्कम जमा होत राहिली, आणि नदीच्या वरच्या अंगाला शॅड म्हणजे काय हे आजोबांनी सांगायची गोष्ट झाली.

१९७२ मध्ये राल्फ एबेल हे आयोगाचे कार्यकारी संचालक झाले आणि १९८७ पर्यंत त्या पदावर राहिले. मोबदला नको, मासा हवा, असा त्यांच्या काळातील आग्रह. त्याच १९७२ साली कोनोविंगोवर मासे वर उचलून नेणारी पहिली यंत्रणा बसली. पण उचलायला मासेच नगण्य होते. म्हणून १९७६ पासून ज्युनियाटा नदीकाठच्या व्हॅन डाइक केंद्रात शॅडची पिल्ले वाढवण्यास सुरुवात झाली. त्यासाठी अंडी बाहेरून आणणे भाग होते, कारण सस्क्वेहॅनात पुरेशा माद्याच उरल्या नव्हत्या. हडसन, डेलावेअर अशा पूर्वेकडील नद्यांतून अंडी आली आणि मोठ्या प्रमाणावर आली ती थेट पश्चिम किनाऱ्यावरील कोलंबिया नदीतून, विमानाने. पुढे खर्चाचा मोठा भार धरणमालक वीजकंपन्यांवर आला.

येथे मापाचा जुना प्रश्न वेगळ्या वेशात पुन्हा उभा राहतो. माशाची अंडी कोणी एकेक मोजत नाही, ती आकारमानाने, लिटरने मोजतात. रात्री जाळ्यात आलेल्या पक्व मादीची अंडी काढायची, नराच्या शुक्राशी मिसळायची, पाण्यात फुगू द्यायची आणि पिशव्यांत भरून रवाना करायची. पण दोन लिटर अंडी आणि दोन लिटर जिवंत अंडी यांत पुष्कळ अंतर असते, आणि ते केंद्रात पोहोचल्यानंतरच उलगडते. नुसत्या लिटरवर विसंबले तर प्रवासात मेलेली अंडीही ८८ फुटांच्या बैठकीसारखी हिशेबात भरतील. म्हणून या कार्यक्रमाच्या वार्षिक नोंदींत लिटरच्या शेजारी जगण्याचे प्रमाण सतत दिसते. नदी, तारीख, लिटर, जिवंत अंडी, सोडलेली पिल्ले. सरकारी भाषेत लिहिलेले हे तक्ते वाचायला कंटाळवाणे आहेत, पण विधानभवनाच्या त्या दरपत्रकात जो रकाना नव्हता तो येथे आहे.

१९९१ मध्ये कोनोविंगोवर दुसरी, मोठी उचलयंत्रणा आली. १९९७ मध्ये होल्टवूड आणि सेफ हार्बर, २००० मध्ये यॉर्क हेवन येथे मार्ग झाले. २००१ च्या हंगामात कोनोविंगोवरून सुमारे १ लाख ९३ हजार शॅड वर गेले. त्यानंतर आकडा पुन्हा घसरत गेला. एकेक धरण ओलांडताना मोठा वाटा गळतो, त्यामुळे चारही भिंती पार करणारे मासे थोडेच उरतात.

कोलंबिया नदीतून आणलेल्या त्या अंड्यांचा पूर्वेतिहास मात्र सांगायलाच हवा. पश्चिम किनाऱ्यावर शॅड मुळात नव्हताच. १८७१ च्या उन्हाळ्यात सेथ ग्रीन या मत्स्यसंवर्धकाने हडसन नदीतील शॅडची काही हजार पिल्ले दुधाच्या कॅनमध्ये भरून, वाटेत ठिकठिकाणी पाणी बदलत, रेल्वेने कॅलिफोर्नियात नेली आणि तेथील मत्स्य आयोगासाठी सॅक्रामेंटो नदीत सोडली. तो मासा तेथून किनाऱ्याने उत्तरेकडे पसरला आणि कोलंबियात लाखोंनी वाढला. शंभर वर्षांनी पूर्वेकडील राज्याने त्याच वंशाची अंडी परत मागवली, या वेळी विमानाचे भाडे भरून.